कुत्र्यापुढे टाकलेला दाणा

(हातखंबा, जि. रत्नागिरी, येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता जेथे वळतो, तो हातखंब्याचा तिठा अवघ्या कोकणाला परिचित आहे. या तिठ्यावर दिवसरात्र वाहनांची वर्दळ असते आणि उपाहारगृहांच्या मागील बाजूस, फेकलेल्या अन्नावर पोट भरणारी कुत्री असतात. तिठा सोडून आत वाडीत शिरावे, तर दोन-चार घरांआड एखादा कुत्रा खळ्यात पहुडलेला दिसतो. त्याला कोणी विकत आणलेले नसते, त्याच्या गळ्यात पट्टा असतोच असे नाही. परंतु रात्री रानडुक्कर परसात शिरले, भरदुपारी वानरांची टोळी बागेत उतरली किंवा पाखाडीवर अनोळखी पाऊल वाजले, की पहिली वर्दी तोच देतो. या चाकरीचा मोबदला म्हणजे उरलेला भात, शिळी भाकरी आणि जमिनीवर जे काही सांडेल ते.

जमिनीवर काय सांडते, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. आपला परिसर आंबा, काजू, फणस, नारळ आणि पोफळीचा. काजूच्या हंगामात बिया खळ्यात वाळत पडतात, पावसाळ्यात डब्यातील शेंगदाण्यांना दमट हवा लागते, सणासुदीला सुकामेव्याची पाकिटे घरात येतात आणि सुपारी तर बारमाही असते. यांपैकी कोणता दाणा कुत्र्याला चालतो, कोणता बाधतो आणि कोणता त्याचा प्राण घेऊ शकतो, याची नेमकी माहिती फार थोड्या घरांत असते. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु कुत्र्याच्या थाळीत जे पडते त्याचा संबंध अनेकदा माणसाच्या ताटाशी पोहोचतो, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

काजू : गर निराळा, टरफल निराळे

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि कोकणच्या जांभ्या दगडाच्या कातळी जमिनीत ते असे रुजले की परके वाटेनासे झाले. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ यांसारख्या जाती दिल्या आणि १९९० साली सुरू झालेल्या, रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीच्या कार्यक्रमामुळे डोंगरउतारावर काजूची कलमे उभी राहिली. आज काजूची बी हे रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे साधन आहे.

या बीच्या आत जो गर असतो तो कुत्र्याला विषारी नाही. भाजलेले, बिनमिठाचे दोन-चार गर धडधाकट कुत्र्याच्या पोटात गेले तर बिघडत नाही. मात्र गराला लपेटून असलेले टरफल पूर्णतः निराळ्या स्वभावाचे आहे. त्याच्या मधल्या जाळीदार थरात काळपट, दाहक तेल भरलेले असते; टरफलाच्या वजनाचा सुमारे पंचमांश ते चतुर्थांश भाग या तेलाचाच असतो. त्यातील अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्ये त्वचेला पोळतात. काजू फोडणाऱ्या भगिनी हातांना तेल किंवा राख का लावतात, हे येथे कोणाला सांगावयास नको. कुत्र्याचे अंग केसांनी झाकलेले असते. परंतु नाक, ओठ, जीभ आणि घसा उघडेच असतात. वाळत घातलेली कच्ची बी त्याने दाढेखाली फोडली, की तोंडाची आतील नाजूक त्वचा भाजून निघते, लाळ गळू लागते, कुत्रा पंजाने तोंड घासतो आणि अन्नाला तोंड लावत नाही. तेल पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात.

उन्हाळ्याच्या सुटीत मुले पालापाचोळा पेटवून काजू भाजतात. गर मुले खातात. अर्धवट जळालेली, तेल पाझरणारी टरफले मात्र तेथेच राहतात आणि भाजल्याच्या वासाने कुत्रे तेथे येते. काजू प्रक्रिया केंद्राच्या आवारात टरफलांचा ढीग उघड्यावर असेल तर तीच गोष्ट घडते. तेव्हा बी उंचावर किंवा आडोशाच्या आत वाळवणे, भाजल्यानंतरची टरफले गोळा करणे आणि केंद्रातील ढिगाला कुंपण घालणे, एवढी साधी व्यवस्था पुरेशी आहे. त्यासाठी खर्च असा काहीच नाही.

भुईमूग : दाणा निर्दोष, बुरशी घातक

शेंगदाणा हा शास्त्राच्या दृष्टीने कडधान्याच्या कुळातील. परंतु व्यवहारात त्याची गणना सुक्या मेव्यात होते. उकडलेले किंवा भाजलेले, बिनमिठाचे, सोललेले थोडे शेंगदाणे कुत्र्याला चालतात. टरफल मात्र पचत नाही आणि लहान कुत्र्याच्या घशात अडकू शकते. खारे दाणे देऊ नयेत. अधिक मीठ पोटात गेल्यास तहान, उलट्या आणि प्रमाण फारच वाढल्यास झटके येतात.

तथापि शेंगदाण्याचे खरे भय मिठात नाही, बुरशीत आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्याचे चार महिने घरातील मिठालाही पाणी सुटते. अशा हवेत साठविलेल्या दाण्यांत ओलावा शिरला की त्यांवर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. हे विष थेट यकृतावर आघात करते. दाणे भाजले किंवा उकडले म्हणून ते पुरते नाहीसे होत नाही. बुरशी पुसून टाकली तरी विष दाण्यात राहतेच.

या विषाचा शोधच मुळी जनावरांच्या मृत्यूतून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. खाद्यात मिसळलेली, ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड त्यास कारण असल्याचे निष्पन्न झाले. त्यापूर्वी, १९५२ साली, अमेरिकेच्या आग्नेय भागात कुत्र्यांमध्ये यकृताचा एक अनाकलनीय रोग नोंदविला गेला होता; तोही बुरशी लागलेल्या खाद्याचाच परिणाम असल्याचे पुढे उमगले. कुत्र्याचे शरीर या विषापुढे विशेष दुबळे आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा ते दीड मिलिग्रॅम इतके अल्प अफ्लाटॉक्सिनही त्याचा प्राण घेऊ शकते. भूक मंदावणे, सुस्ती, उलट्या, डोळे व हिरड्या पिवळ्या पडणे, काळसर किंवा रक्तमिश्रित शौच ही त्याची लक्षणे होत. ती दिसू लागेपर्यंत यकृताची मोठी हानी झालेली असते.

हीच बुरशी मक्यावरही वाढते, आणि तिने माणसांना ग्रासल्याची भारतातील सर्वांत दुःखद घटना १९७४ सालची आहे. त्या वर्षी राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील दोनशेहून अधिक खेड्यांत काविळीची साथ पसरली. अवकाळी पावसात भिजलेला व बुरशी धरलेला मका गरीब आदिवासी कुटुंबांना खावा लागला होता. ३९७ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी १०६ दगावले. त्या घरांतील अन्न वाटून खाणाऱ्या कुत्र्यांनाही तोच रोग जडला होता. माणसाचा आणि त्याच्या दारातील कुत्र्याचा घास एकाच कणगीतून येतो, याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण.

येथे एका सार्वत्रिक सवयीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. दाण्याला वास आला, तो काळा पडला, की गृहिणी तो निवडून बाजूला काढते आणि ‘वाया कशाला घालवायचा’ या भावनेने कुत्र्यापुढे, कोंबड्यांपुढे अथवा गाईच्या घमेल्यात टाकते. या सवयीमागे काटकसर आहे, दुष्टावा नाही. परंतु तिचा अर्थ असा होतो की, डब्यातील सर्वांत विषारी भाग वेचून तो कुत्र्याला दिला जातो. गाईला बुरशीची पेंड दिली तर त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध घरातील मूलच पिते. म्हणून बुरशी धरलेला दाणा, पेंड, खोबरे वा भाकरी कोणत्याही प्राण्याला न देता पुरून किंवा जाळून नष्ट करावी. दाणे पुन्हा ऊन देऊन कडकडीत वाळवावेत, हवाबंद डब्यात ठेवावेत आणि पावसाळ्यात एका वेळी थोडेच आणावेत.

नारळ, बदाम, अक्रोड, पिस्ते

ओल्या खोबऱ्याचा लहानसा तुकडा कुत्र्याला बाधत नाही. मात्र त्यात स्निग्धांश पुष्कळ असल्याने अधिक दिल्यास पोट बिघडते. खवट झालेले सुके खोबरे देऊ नये. करवंटीचे तुकडे आणि सोडण यांच्याशी खेळण्याची कुत्र्याला भारी हौस असते; करवंटीची टोकदार कपची घशाला इजा करते आणि गिळलेला काथ्या आतड्यात अडकून बसतो. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी यांच्याविषयीही हीच सावधगिरी हवी. आंब्याच्या दिवसांत कुत्रा एकाएकी ओकू लागला, शौच बंद झाले आणि पोट ताठले, तर गिळलेली कोय आतड्यात अडकल्याची शंका प्रथम घ्यावी. त्यावर घरगुती औषध नाही; शस्त्रक्रियाच करावी लागते.

गोड बदाम विषारी नाही. तथापि कुत्रा तो चावत नाही, गिळतो. त्यामुळे लहान जातीच्या कुत्र्याच्या अन्ननलिकेत तो अडकू शकतो. कडू बदामात मात्र अ‍ॅमिग्डालिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून पोटात सायनाइड तयार होते. तो माणसालाही घातक आहे आणि कुत्र्याला तर कदापि देऊ नये. ताज्या अक्रोडाचा गर स्वतः विषारी नसला तरी स्निग्धांश शेकडा ६० हून अधिक असल्याने पचावयास जड. ओलसर जागी राहून बुरसलेल्या अक्रोडात कंप उत्पन्न करणारी विषे तयार होतात; कुत्रा थरथरू लागतो आणि त्याला झटके येतात. पिस्त्याला बुरशी लवकर लागते, तो बहुधा खारा असतो आणि त्याचे कवच धारदार असते. म्हणून या तिन्हींच्या बाबतीत न देणे हेच शहाणपणाचे.

मॅकाडेमिया आणि पाकिटबंद पदार्थ

मॅकाडेमिया हे कवचफळ मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपल्याकडे ते पिकत नाही म्हणावे इतके थोडे. परंतु शहरांतून व परदेशांतून येणारे नातलग भेटीदाखल जी खोकी आणतात त्यांत, तसेच बिस्किटांत व चॉकलेटांत ते आढळते. गोलसर, फिकट पिवळ्या रंगाचा हा गर माणसाला पौष्टिक. कुत्र्याला मात्र बाधक. वजनाच्या किलोमागे दोन-अडीच ग्रॅम इतका पोटात गेल्यासही बारा तासांच्या आत मागील पायांतील बळ जाते, कुत्रा लडखडतो, थरथरतो, ओकतो, अंगात ताप भरतो. यामागील नेमके कारण शास्त्रज्ञांना अद्याप उलगडलेले नाही. समाधानाची गोष्ट एवढीच की, बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत पूर्ववत होतात. पायांवर उभा न राहणारा कुत्रा पाहून घाबरून त्याला मारून टाकण्याची घाई मात्र कोणी करू नये.

याहून अधिक धोका त्या खोक्यातील सोबत्यांचा आहे. बेदाणे आणि मनुका यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गणेशोत्सवातील खिरापत, पंचखाद्य, सुक्या मेव्याचे लाडू, फराळाचा चिवडा या सर्वांत दाण्यांबरोबर बेदाणे असण्याचा संभव असतो. चिवड्यात कांदा-लसूणही असतो आणि तोही कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक आहे. प्रसाद म्हणून प्रेमाने पुढे केलेला घास असा बाधू शकतो. चॉकलेट तर कुत्र्याला विषच. शेंगदाण्याच्या लोण्यात, म्हणजे ‘पीनट बटर’मध्ये, काही उत्पादक साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोडवा घालतात. तो माणसाला निरुपद्रवी असला तरी कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरवितो. म्हणून बाटलीवरील घटकांची यादी वाचल्यावाचून असा पदार्थ देऊ नये.

सुपारी : जुने औषध, आजचे विष

पोफळीच्या बागा ही आपल्या किनारपट्टीची शोभा. सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचे द्रव्य असते. पूर्वी कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमी पाडण्यासाठी सुपारीची पूड वापरीत. न्यूझीलंडसारख्या देशात तर मेंढ्यांपासून पसरणाऱ्या कृमींच्या निर्मूलनासाठी कुत्र्यांना अ‍ॅरेकोलिन देण्याची मोहीम विसाव्या शतकात वर्षानुवर्षे चालली. परंतु औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडे असल्याने आणि अधिक निर्धोक औषधे उपलब्ध झाल्याने ती पद्धत मागे पडली. आपल्याकडे अजूनही कोठे कोठे ‘कुत्र्याला जंत झाले, सुपारी उगाळून द्या’ असा सल्ला ऐकू येतो. तो कालबाह्य आहे. अ‍ॅरेकोलिनने तोंडाला फेसासारखी लाळ येते, उलट्या-जुलाब होतात, हृदयाची गती मंदावते आणि पिल्लू दगावूही शकते. जंतांचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. तेच वजनाप्रमाणे द्यावे.

सुपारीबरोबर तंबाखू असेल तर विषात विषाची भर. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही रस्त्याच्या कडेला टाकलेल्या पुड्या आणि मळलेल्या माव्याचे तुकडे दिसतात. हुंगत फिरणारे पिल्लू ते गिळते. तिठ्यावरील टपरीधारकांनी झाकणाची कचरापेटी ठेवावी, ही सूचना स्वच्छतेइतकीच या कारणासाठीही मोलाची आहे.

बिब्बा आणि काजरा

काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातील भावंडे. बिब्ब्याच्या काळ्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करीत. तेच तेल अंगावर उतते. त्याची गोडंबी खाण्याजोगी असली तरी फळ फोडताना तेलाचा स्पर्श टाळता येत नाही. म्हणून बिब्बा कुत्र्याच्या वाटेत येऊ देऊ नये.

काजऱ्याची गोष्ट अधिक गंभीर. कोकणच्या रानात सर्वत्र आढळणाऱ्या या झाडाच्या चकतीसारख्या बियांना कुचला म्हणतात. त्यांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असते. बी अतिशय कडू व कठीण असल्याने कुत्रा होऊन ती सहसा खात नाही. ती त्याच्या पोटात जाते ती माणसाच्या हातून. भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी स्ट्रिक्नीन वापरण्याची पद्धत एके काळी होती. या विषाने सारे शरीर धनुष्यासारखे ताठते, जरा आवाज झाला तरी झटका येतो आणि शुद्ध शाबूत असताना श्वास कोंडून मृत्यू येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने हृदयात स्ट्रिक्नीन टोचून कुत्र्यास मारणे नाव घेऊन निषिद्ध ठरविले आहे. कोणत्याही प्राण्यास हेतुपुरस्सर अपायकारक द्रव्य खाऊ घालणे हाही त्या अधिनियमाखाली अपराध आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये प्राण्यास ठार मारण्याच्या वा विकल करण्याच्या अपकृत्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

कुत्र्यांचा उपद्रव खरा असतो, त्यांच्या चाव्याचे भय खरे असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विष घातलेला घास कोण उचलील हे कोणाच्या हाती नसते. तो घारीच्या पोटी जातो, शेजाऱ्याच्या राखणीच्या कुत्र्याच्या पोटी जातो. तो अंगणात खेळणाऱ्या बालकाच्या हातीही पडू शकतो. उपद्रवावरील वैध मार्ग म्हणजे निर्बीजीकरण आणि लसीकरण. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर सोपविली आहे.

येथेच करंजी व एरंडी पेंडीचाही उल्लेख केला पाहिजे. बागेला घातलेल्या एरंडी पेंडीचा वास कुत्र्यांना ओढून घेतो आणि तिच्यातील रिसिन हे विष रक्तमिश्रित जुलाब घडवून जीव घेते. पेंड मातीत खोल मिसळावी आणि पोती बंद खोलीत ठेवावीत.

किती द्यावे?

आता कोणी विचारील, मग द्यावे तरी काय आणि किती? दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे ६०० कॅलरी ऊर्जा लागते. वरखाऊ म्हणून जे द्यावयाचे ते यातील दहाव्या हिश्शाहून अधिक असू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६७ आणि तितक्याच काजूगरांत ५९६ कॅलरी असतात. याचा अर्थ, दहा ग्रॅम शेंगदाणे ही अशा कुत्र्याची अखेरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात चार-सहा दाणे किंवा दोन काजूगर, तेही अधूनमधून, पुष्कळ झाले. अतिस्निग्ध आहाराने स्वादुपिंडाचा दाह होतो आणि तो प्राणावर बेतू शकतो. लहान पिल्लांना, लठ्ठ कुत्र्यांना आणि ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांना दाणे मुळीच देऊ नयेत. खरे पाहता कुत्र्याला सुक्या मेव्याची गरजच नाही. भात-भाकरीबरोबर थोडे अंडे, मासळी किंवा मांस मिळाले तर त्याचे पोषण उत्तम होते.

बाधा झाल्यास

कुत्र्याने अपायकारक पदार्थ खाल्ल्याचे दिसले तर काय खाल्ले, किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले या तीन गोष्टी ध्यानात ठेवून त्यास तातडीने नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. उरलेला पदार्थ, वेष्टन किंवा ओकारीचा नमुना सोबत न्यावा. पशुसंवर्धन खात्याचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रघात घातक आहे. दाहक तेल वर येताना घसा पुन्हा भाजतो आणि झटके येत असताना पाजलेले पाणी फुप्फुसात शिरते. काजूचे तेल अंगाला लागले असल्यास हातमोजे घालून साबण व कोमट पाण्याने धुवावे. झटके येणाऱ्या कुत्र्यास अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे व भोवती गर्दी करू नये.

यात एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. लाळ गळणे, तोल जाणे, झटके येणे ही लक्षणे काजूच्या तेलाने, सुपारीने किंवा बुरशीने होतात. तीच रेबीजमध्येही, म्हणजे पिसाळल्यावरही दिसतात. या साम्यामुळे दोन्ही बाजूंनी अनर्थ घडतो. विषबाधा झालेल्या निरपराध कुत्र्यास ‘पिसाळला’ म्हणून दगडांनी ठेचले जाते. उलट ‘काहीतरी अडकले असेल’ म्हणून पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घातला जातो आणि माणूस जिवास मुकतो. निदान पशुवैद्यकावर सोपवावे. लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात उघडा हात कधीही घालू नये. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यावी. कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचलेली असेल तर हा संभ्रमच बव्हंशी टळतो.

गावाने करावयाच्या गोष्टी

ग्रामपंचायतीने काजू हंगामापूर्वी प्रक्रिया केंद्रांच्या चालकांशी टरफलांच्या साठ्याविषयी बोलावे, तिठ्यावरील खाद्यविक्रेत्यांना झाकणाच्या पेट्या ठेवावयास सांगावे आणि वर्षातून एकदा लसीकरणाचे शिबिर भरवावे. शिक्षकांनी सुटीपूर्वी एक तास या विषयास द्यावा. काजू भाजणारी मुले हीच या संदेशाची खरी वाहक आहेत. शालेय पोषण आहाराच्या कोठीतील शेंगदाणे व धान्य पावसाळ्यात नियमाने तपासावे आणि बाद ठरलेला माल शाळेच्या मागे न फेकता नष्ट करावा. ग्रामसेवक, कृषी सहायक आणि आशा सेविका यांनी घरभेटीत एकच प्रश्न विचारला तरी पुरे : ‘बुरसलेले दाणे निवडून कोठे टाकता?’

एखाद्या वाडीत दोन-तीन कुत्री एकाच आठवड्यात काविळीने मेली, तर ती केवळ कुत्र्यांची बातमी समजू नये. त्या घरांच्या डब्यांत, कणगीत आणि पेंडीच्या पोत्यांत काय आहे, हे त्याच दिवशी पाहावे आणि पशुवैद्यकीय व आरोग्य अशा दोन्ही खात्यांना कळवावे. खळ्यातील कुत्रा रात्री चोराची चाहूल देतो. त्याचे आजारपण ही देखील एक चाहूलच आहे. ती वेळीच ओळखणे गावाच्या हिताचे आहे. आपण सर्व जण आपापल्या वाडीत, शाळेत आणि कार्यालयात ही माहिती पोहोचवाल असा विश्वास आहे.